आईचं वय एक्स मानू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, शाळेतल्या ज्या दोन मित्रांबरोबर तीस वर्षं डबा वाटून खाल्ला त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला दिसत नाही. समोर ओळखीचा चेहरा असता तर मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत बसलो असतो. याला कितपत कळलं? आता हा काय विचार करतोय? हा कुणाला सांगेल? अशी माझी खोड आहे. जुनी आहे. आणि जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं.

मी गणिताचा मास्तर. आमचं मूळ गाव मोहोळ तालुक्यात, पण नोकरी सगळी सोलापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत झाली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आठवी ते दहावीचं बीजगणित माझ्याकडे असायचं, आणि त्यातही माझं नाव होतं ते शाब्दिक उदाहरणांसाठी. म्हणजे ती हो — एका वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या दुप्पट, एक नाव प्रवाहाच्या उलट दिशेने जाते, एका आयताची लांबी रुंदीपेक्षा इतक्याने जास्त. मुलांना आकडेमोड जमते. पण चार ओळींच्या मराठीतून समीकरण मांडायचं म्हटलं की हात थांबतात. मी त्यांना सांगायचो, वाक्यावर विश्वास ठेवू नका. वाक्य काहीतरी दाखवतं आणि काहीतरी लपवतं. काय लपवलंय ते आधी शोधा, त्याला एक्स माना, मग पेन उचला.

चांगलं शिकवायचो मी. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट समजणार नाही.

पण ही सवय शाळेच्या फाटकापाशी ठेवून घरी येता येत नाही. घरातही मी तसंच ऐकायचो. शेजाऱ्याने 'सहज आलो होतो' म्हटलं की मी सहजचा अर्थ शोधायचो. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं की त्यांना काय काम काढायचंय ते शोधायचो. आणि शोभाचं — माझ्या बायकोचं — बोलणं तर मी कधी सरळ ऐकलंच नाही.

शोभा होटगीची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. माझ्याशी लग्न झालं तेव्हा ती दहावी नापास होती, तेही फक्त गणितात. मास्तराची बायको आणि गणितात नापास! लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिला शिकवायला बसलो. आठ दिवस चाललं ते. नवव्या दिवशी माझी मोठी बहीण आणि मेहुणे आले होते, त्यांच्या देखत मी तिची वही पलंगावर भिरकावली आणि म्हणालो, "दगड आहे हो, दगड. डोक्यात पहार घातली तरी काही शिरणार नाही." सगळे हसले. शोभाही हसली. पदराने तोंड पुसत उठली आणि चहा टाकायला गेली. त्या दिवसानंतर तिने माझ्यासमोर वही कधी उघडली नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नाही. असले शब्द आमच्याकडे घरोघरी बोलले जातात आणि लोक ते विसरतात. निदान बोलणारे विसरतात.

आता मी सांगतो ती गोष्ट त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी घडली. म्हणजे आजपासून चौदा वर्षांपूर्वी. आमची एकुलती एक मुलगी स्नेहल तेव्हा आठवीत होती. आम्ही जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. दिवाळी झाल्यावर शोभा मंगळवारी आणि शुक्रवारी आईकडे जायला लागली. आईचे गुडघे दुखतात, तेल लावून देते, म्हणाली. बाराला निघायची, चारला परत. मी शाळेत असायचो, पण स्नेहलकडून कळायचं. त्यात काही विचित्र नव्हतं. होटगी काही लांब नाही.

विचित्र होतं ते दुसरंच. ती आनंदात असायची. मंगळवारी भाकऱ्या थापताना गुणगुणायची. म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांना तेल लावून कुणी इतकं खुश होतं का? तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला निळा डाग दिसायला लागला. विचारलं तर म्हणाली, दूधवाल्याच्या कार्डावर लिहिताना लागला. दूध तर रोज लिहायचं असतं, मग डाग मंगळवार-शुक्रवारीच कसा? मग तिच्या पिशवीत शहर बसचं तिकीट सापडलं. होटगीला जाणारं माणूस वडापच्या जीपने जातं, नाहीतर एसटीने. शहर बस होटगीला जात नाही.

पिशवी मी का उघडली होती, हे विचारू नका. उघडली होती.

मग एका रविवारी तिच्या भावाचा फोन आला. ती अंघोळीला गेली होती, मी उचलला. बोलता बोलता मी म्हणालो, "आता शुक्रवारी आली होती तेव्हाच द्यायचं की तिच्याजवळ." पलीकडून तो म्हणाला, "ताई? ताई दिवाळीपासनं कुटं आली हाय, दाजी?"

मी म्हणालो, "हो हो, मीच विसरलो." फोन ठेवला. ती ओले केस झटकत बाहेर आली. कुणाचा होता, विचारलं. मी म्हणालो, राँग नंबर.

तेव्हाच विचारता आलं असतं ना? शोभा, तू मंगळवार-शुक्रवार कुठे जातेस — किती सोपं वाक्य आहे. मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं, मला तिला पकडायचं होतं. हा फरक मला त्या वेळीही कळत होता.

हसू नका, पण मी शाळेच्या डायरीच्या मागच्या पानावर तिचं उदाहरण मांडलं. एक स्त्री दुपारी बारा वाजता घरातून निघते आणि चार वाजता परत येते. जाण्यास लागणारा वेळ एक्स मिनिटे मानू, येण्यासही तेवढाच. तिथे थांबण्याचा वेळ वाय मानू. दोन एक्स अधिक वाय बरोबर दोनशे चाळीस. शिक्षकांच्या खोलीत बसून मी हे लिहिलं, समोर सहकारी डबा खात होते. एक समीकरण, दोन अज्ञात राशी — उत्तर निघत नाही, हे आठवीतला पोरगाही सांगेल. दुसरं समीकरण हवं.

ते मिळवायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या मागे गेलो.

शुक्रवार होता. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, मित्राची मागून घेतलेली स्कूटर. बसच्या मागे राहणं सोपं असतं. ती भवानी पेठेत उतरली. गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड चालू होती, बोललेलं ऐकू येत नाही असा आवाज. ती एका घराच्या बाहेरच्या जिन्याने वर गेली — सराईतासारखी, इकडेतिकडे न बघता. जिन्याच्या पायथ्याशी चपला होत्या. त्यात एक जोड पुरुषाचा.

मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तो पुरुषी जोड माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दोन चहा प्यालो, एकाचीही चव आठवत नाही. शेवटी टपरीवाल्याला विचारलं, वर कोण राहतं? तो म्हणाला, "वरती येमुल टीचर राहतात की. रिटायर झाल्यात. बायका येतात त्यांच्याकडं शिकायला." पुरुषाच्या चपला कुणाच्या? "टीचरच्या नवऱ्याच्या. आजारी आहेत ते, कवापासनं. पायच खाली टेकत नाहीत."

यावर माझा विश्वास बसला का? नाही. मी जिना चढलो. वर गच्चीवजा जागा होती आणि खोलीची खिडकी अर्धी उघडी. आत सहा-सात बायका जमिनीवर बसल्या होत्या. कुणी माझ्या बायकोच्या वयाची, कुणी तिच्याहून मोठी. पांढऱ्या केसांच्या येमुलबाई खुर्चीत बसून पंख्याने वारा घेत होत्या. आणि फळ्यापाशी — एका लहानशा फळ्यापाशी — शोभा उभी होती. हातात खडू. मागांच्या खडखडीवर आवाज चढवून एका बाईला सांगत होती, "आगं, भिऊ नको की. वाक्य लई लांब हाय म्हणून भ्यायचं न्हाय. आदी येवडंच ठरवायचं, एक्स कुणाला म्हणायचं. बाकीचं मागनं येतंय."

मी इतकी वर्षं जे शिकवत होतो ते ती माझ्याहून कमी शब्दांत सांगत होती.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तुमचा पडला असता. बायको चोरून कुणाला भेटत नाही, चोरून दहावीचा अभ्यास करते — याहून चांगलं उत्तर कुठल्या नवऱ्याला मिळतं? मी परत वळणार इतक्यात आत हशा झाला. शोभाने कंबरेवर हात ठेवून, भुवया चढवून, घसा जाड करून काहीतरी म्हटलं होतं आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. येमुलबाईसुद्धा. मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. 'दगड' असा.

ती माझी नक्कल होती का? मागांच्या त्या आवाजात मी चुकीचं ऐकलं असेल. 'उघड' म्हणाली असेल, वही उघड. मी चौदा वर्षं तो शब्द आठवून बघतोय. कधी दगड ऐकू येतं, कधी उघड. पण त्या जिन्यावर मला शंका नव्हती. मी खाली उतरलो आणि शाळेत जाऊन सातवा तास घेतला.

त्यानंतर माझा संशय संपला नाही, त्याने फक्त बाजू बदलली. ती तिथे माझ्याबद्दल काय काय सांगते? त्या सगळ्या बायकांना माझं घर ठाऊक आहे का? माझ्याच विषयासाठी ती दुसऱ्याच्या दारात का गेली — मला खाली बघायला लावायला? आणि दहावी होऊन करायचंय काय हिला? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला कपाटात सापडलं. साड्यांच्या खाली एक कागद होता. आमच्या भागात नवी अंगणवाडी होणार होती. सेविकेच्या जागेसाठी दहावी उत्तीर्ण हवं. कागदाला घडी घालून घालून रेषा पडल्या होत्या. मी तो तसाच परत ठेवला, त्याच घडीत.

फेब्रुवारीत हॉल तिकीट आलं तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं. जेवणं झाली होती, स्नेहल शेजारी बसलेली. "रागवू नका," म्हणाली, "एक बोलायचं हाय." आणि सगळं सांगितलं — येमुलबाई, मंगळवार-शुक्रवार, बाहेरून भरलेला फॉर्म, इतक्या वर्षांनी सगळेच विषय परत द्यायचे. आईच्या नावाने खोटं बोलले, ते चुकलं म्हणाली. "तुमाला आदी सांगितलं असतं तर... मला लाज वाटायची. पास झाल्यावर सांगणार हुते. पण पेपरला जायचं तर सांगायलाच पायजे की."

मी आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला. छान केला असणार, कारण तिला खरा वाटला. स्नेहलने तर तिच्या गळ्यात हात टाकले. मी म्हणालो, "कर, कर. चांगलंय." खोटं बोलल्याची माफी ती मागत होती, आणि मी, तिच्या मागे स्कूटरवर गेलेला, तिची पिशवी, तिचं कपाट उचकलेला, पाणी पीत मान डोलावत होतो.

परीक्षा सुरू झाली. भाषेचे पेपर बरे गेले. मग बीजगणिताच्या आदला दिवस आला.

संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले असतील. बाहेर अजून उजेड होता. मार्चचं ऊन, भिंती तापलेल्या. मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. शोभा वही घेऊन आली आणि माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली. लग्नानंतरच्या त्या आठ दिवसांनंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर वही घेऊन उभी होती. म्हणाली, "एवढं एकच बघा. बरोबर हाय का सांगा. बाकी मी विचारत न्हाय."

उदाहरण साधं होतं. आई आणि मुलगी यांच्या आजच्या वयांची बेरीज पन्नास. पाच वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होतं. तर दोघींची आजची वयं काढा. आता हे उदाहरण सगळे एकाच पद्धतीने सोडवतात. मुलीचं वय एक्स मानायचं, आईचं पन्नास वजा एक्स. गाइडात तसंच असतं, मीही तसंच लिहून द्यायचो. शोभाने लिहिलं होतं — आईचं आजचं वय एक्स मानू. म्हणून मुलीचं पन्नास वजा एक्स. पाच वर्षांपूर्वी आई एक्स वजा पाच, मुलगी पंचेचाळीस वजा एक्स. एक्स वजा पाच बरोबर तीन कंसात पंचेचाळीस वजा एक्स.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते खरंच चुकीचं वाटलं. डोळ्यांना सवय नव्हती त्या मांडणीची. दोन-तीन सेकंद गेले असतील. मग मी कंस सोडवला मनातल्या मनात — चार एक्स बरोबर एकशे चाळीस. आई पस्तीस, मुलगी पंधरा. चोख. अक्षर वेडंवाकडं, पण मांडणीत एका ओळीची खाडाखोड नव्हती.

हे मी मुद्दाम सांगतोय. सुरुवातीला नजर चुकली, मग उत्तर कळलं, आणि त्यानंतर मी तोंड उघडलं. तोंड उघडलं तेव्हा मला माहीत होतं.

मी म्हणालो, "चूक आहे."

ती वाकून वहीकडे बघायला लागली. मी म्हणालो, "ज्याचं वय लहान, त्याला एक्स मानायचं असतं. नेहमी. लहान राशीला एक्स. हा नियम आहे."

असा नियम नाही. जगात कुठेच नाही. कुणालाही एक्स माना, मांडणी सरळ असली की उत्तर तेच येतं. मी स्वतः हे वर्गात शेकडो वेळा सांगितलेलं.

"पण उत्तर जमतंय की," ती म्हणाली. "पडताळा घेतला मी. तीस नि धा, तिप्पट."

"उत्तर जमतं कधीकधी. रीत चुकली की बोर्डाचे तपासणारे गुण देत नाहीत."

तिने आपल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाली, "मी आईपासनं सुरू केलं. आई आदी असती, मग लेक हुती — म्हणून." आणि मग, "टीचरनं कसं काय सांगितलं न्हाय मला? त्यांनी तर बरोबरची खूण केली हुती."

मी खांदे उडवले. एवढंच. एका म्हाताऱ्या बाईने फुकट, नवऱ्याचं आजारपण काढत काढत, हिला चार महिने शिकवलं, आणि मी खांदे उडवले.

तिने खोडरबर आणला नाही. पेनाने लिहिलेलं होतं, ते तिने आडव्या रेघेने खोडलं. मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्या जुनी उदाहरणं काढली आणि एकेक बदलायला लागली. कुकर लावलेला होता. शिट्ट्या होत होत्या आणि ती पुटपुटत होती, लहानाला एक्स, लहानाला एक्स. मला बाहेर ऐकू येत होतं. मी उठून आत जाऊ शकत होतो. सहा पावलांचं अंतर. पेपर हातात धरून मी ते पुटपुटणं ऐकत राहिलो — आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. वाईट नंतर वाटलं. आधी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पेपर देऊन आली. चेहरा उतरलेला होता, पण माझ्याशी गोड बोलली. म्हणाली, तीन उदाहरणं आली होती तसली. पहिल्या झटक्यात तिने आपल्या सवयीने मांडली, मग माझं आठवलं. तिन्ही खोडली. उलटी मांडताना वजाची चिन्हं गडबडली, वेळ गेला, शेवटचा प्रश्न बघायचाच राहिला. "पण बरं झालं तुमी सांगितलं," म्हणाली. "न्हायतर सगळीकडं चुकीचंच लिवून आले असते."

मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तिने माझे आभार मानले.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास. गणितात चार गुण कमी.

चार गुण. त्या तीन उदाहरणांतलं एक जरी तिने खोडलं नसतं तरी... तुम्हीच मांडा हिशेब, मला मांडवत नाही. निकालाचा कागद तिने कपाटात ठेवला. रडली नाही. ऑक्टोबरला परत बस, असं स्नेहल म्हणाली. मीही म्हणालो — दिखाव्याला. शोभा म्हणाली, "नको. माजं डोकंच न्हाय त्यातलं. हे आदीच म्हणले हुते." सेविकेची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. शोभाने मदतनीस म्हणून अर्ज केला, त्याला दहावी लागत नव्हती. आजही ती तिथेच आहे. लेकरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची. आताच्या सेविकाबाई स्नेहलच्या वयाच्या आहेत. त्या तिला शोभामावशी म्हणतात आणि रजिस्टर अडलं की तिच्याकडेच सरकवतात.

येमुलबाईंकडे ती परत गेली नाही. त्यांनी चुकीचं शिकवलं असं तिला वाटत होतं, पण तसं ती कधी बोलली नाही. आजारी नवऱ्याचं करणाऱ्या बाईला कशाला दुखवायचं, एवढंच एकदा म्हणाली. मला मात्र धाकधूक. त्या बाईला क्षणात कळलं असतं की असला काही नियम नाही. शोभाने नुसतं विचारायचा अवकाश! म्हणून मंगळवारी-शुक्रवारी मी लवकर घरी यायला लागलो. शोभा बाजारात गेली की कोण भेटलं विचारायला लागलो. आधी ती मला फसवते म्हणून लक्ष ठेवायचो, आता मी तिला फसवलं होतं म्हणून.

वर्षभराने बाई मलाच भेटल्या, भाजी बाजारात. मला कुठे पाहिलं होतं कुणास ठाऊक, पण त्यांनीच ओळख दिली. म्हणाल्या, "सर, शोभाबाई आल्याच नाहीत परत. निकाल बाकीच्या बायकांकडून कळला. चार मार्कांसाठी कुणी सोडतं का? समीकरण मांडायला त्यांच्यासारखी बाई माझ्याकडं आली नव्हती." मी म्हणालो, तिलाच नको वाटतं आता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ? मला लांब वाटला. मग म्हणाल्या, "घरात गणिताचे मास्तर असताना त्या माझ्याकडं का येतात, मी कधी विचारलं नाही, सर." आणि पिशवी उचलून निघाल्या. पुढे त्या मुलाकडे भिवंडीला गेल्या असं कळलं. त्यांना माहीत होतं का? काय माहीत होतं? त्या वाक्यात काय लपवलं होतं, हे मला आजही काढता आलेलं नाही.

स्नेहल दहावीत गेली तेव्हा मी तिला घरी शिकवलं नाही. लोक म्हणायचे, बाप मास्तर आणि पोरगी शिकवणीला? मी सांगायचो, बापाकडे मुलं लक्ष देत नाहीत. खरं कारण तेच — घरात ती वही उघडायला नको होती. तिच्या गाइडात वयांच्या एका उदाहरणाखाली 'दुसरी रीत' दिली होती, आईचं वय एक्स मानून. ते पान मी कापून काढलं. मुलीच्या पुस्तकाचं पान! तिला वाटलं छपाईतच सुटलंय. आणि शाळेत दरवर्षी, वयांच्या उदाहरणांपाशी आलो की कुणीतरी हात वर करायचं — सर, मोठ्याचं वय एक्स मानलं तर चालेल? मी म्हणायचो, चालेल. कुणाचंही माना. दरवर्षी म्हणायचो. वर्गातल्या साठ मुलांना खरं सांगायचो आणि घरी यायचो.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की तिला. कधी? निकालाच्या दिवशी? सेविकेची जागा गेली त्या दिवशी? पाच वर्षांनी, दहा वर्षांनी? प्रत्येक वेळी मी ठरवलं आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, हिला कळलंय. कळून गप्प बसलीये. माझ्या बोलण्याचीच वाट बघतेय. मग मी गप्प बसायचो, ती काय करते ते बघत. ती काही करायची नाही. भाजी चिरायची.

गेल्या रविवारचं सांगतो, आणि थांबतो.

स्नेहल मोहोळला असते आता, तिथे तिचं औषधांचं दुकान आहे. रविवारी आली होती. चहा झाला. फोनवर काहीतरी वाचता वाचता एकदम म्हणाली, "आई, बाहेरून दहावीचे फॉर्म सुटलेत. भर की या वेळी. मी भरते तुझा, इथंच बसून. गणित पप्पा घेतील, आता रिकामेच असतात."

शोभा हसली. "आगं, आता कुटं. मला समीकरण मांडता येत न्हाय."

"कोण म्हणतं?"

"यांनी बगितलंय की," शोभा म्हणाली. "ह्यांनाच विचार."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. स्नेहलचा अंगठा फोनवर तसाच थांबलेला. शोभा कपबशी हातात घेऊन बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट बघितलं — या वेळी मी खरंच नीट बघितलं. त्यात लपवलेलं काही नव्हतं. तिला विचारायचं होतं. चौदा वर्षांनी, ती परत एकदा मला विचारत होती.

मी म्हणालो, "राहू दे. तिला नाही जमायचं ते."

स्नेहलने फोन पालथा ठेवला. शोभाने माझा कप उचलला, आपल्या हातातल्या कपात ठेवला, त्यात स्नेहलचा.

"तेच की," म्हणाली, आणि आत गेली.